देवनागरी अक्षरांवरील रंगछटा आणि अपुरे प्रशिक्षण

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईत उत्सवांचा हंगाम जवळ आला की गिरगाव, लालबाग, दादर, प्रभादेवी या भागांतील छपाईच्या दुकानांत कामांची रीघ लागते. मंडळांचे फलक, पावतीपुस्तकांची मुखपृष्ठे, कार्यक्रमपत्रिका, अहवालातील जाहिराती आणि मोबाइलवरून पाठवायच्या शुभेच्छा या सगळ्यांत एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू उतरत जाणारी छटा हमखास असते. संगणकावर काम करणारे तिला ग्रेडियंट म्हणतात आणि ग्राहक ‘जरा शेड मारा’ एवढेच सांगतो. मी या शहरात बरीच वर्षे मुद्रणपूर्व विभागात, म्हणजे छपाईआधी संगणकावर फाइल तयार करण्याचे, काम करते आहे आणि त्या अनुभवातून एका उणिवेकडे आपले व आपल्या वाचकांचे लक्ष वेधू इच्छिते. अशी छटा आकृतीच्या नेमक्या हव्या तेवढ्याच भागाला कशी द्यावी, हे आपल्याकडच्या डीटीपीच्या (संगणकावरील अक्षरजुळणी व पानमांडणीच्या) आणि ग्राफिक डिझाइनच्या वर्गांत नीट शिकवले जात नाही. आणि ती देवनागरी अक्षरांना देताना काय वेगळे घडते, याचा तर उल्लेखही माझ्या पाहण्यात आलेल्या अभ्यासक्रमांत नाही.

हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, हे आधीच स्पष्ट करते. फलक भडक असावा की सौम्य, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी बोलते आहे ते कारागिरीतील दोषाबद्दल, म्हणजे ज्याला जे करायचे होते ते न होता भलतेच होते, त्याबद्दल.

एक उदाहरण जवळून पाहू. ‘गणेशोत्सव’ हा शब्द ठळक अक्षरांत घेतला आणि वर पिवळा, खाली लाल अशी छटा द्यायची ठरवली. कोरलड्रॉ या रेखाचित्रांच्या प्रणालीमध्ये बहुतेक ऑपरेटर शब्द कर्व्ह करतात, म्हणजे अक्षरांचे रेषांच्या आकृतींत रूपांतर करतात, तो सुटा करतात, सगळे तुकडे एकदम निवडतात आणि छटा देतात. त्यानंतर पडद्यावर जे दिसते ते असे: ‘ग’ आणि ‘व’ या अक्षरांची शिरोरेषा त्यांच्या सर्वात वरच्या टोकाला असल्यामुळे ती शुद्ध पिवळी येते. ‘णे’ची मात्रा अक्षराला जोडलेली असेल, तर त्या तुकड्याचे वरचे टोक मात्रेपाशी जाते, पिवळा रंग मात्रेवरच खर्च होतो आणि शिरोरेषेपर्यंत पोचेतो नारिंगी सुरू झालेला असतो. ‘शो’चेही तेच. म्हणजे जी रेषा सलग असल्यामुळे शब्द एकसंध वाटतो, तीच रेषा पिवळी, नारिंगी, पुन्हा नारिंगी आणि मग पिवळी अशी तुटक होते. मात्रा हे स्वतंत्र चिन्ह असलेला जुना फॉण्ट वापरला असेल तर परिणाम आणखी वाईट होतो, कारण त्या इवल्याशा मात्रेलाही वर पिवळा आणि खाली लाल अशी स्वतःची पूर्ण छटा मिळते, आणि मात्रेचा लाल तळ थेट पिवळ्या शिरोरेषेवर येऊन टेकतो. रफार आणि अनुस्वार यांचेही असेच होते. रस्त्यावरून जाणाऱ्याला नेमके काय खटकले ते सांगता येत नाही. अक्षरे विस्कटलेली वाटतात एवढे मात्र खरे.

इंग्रजी अक्षरांत हा दोष फारसा उघडा पडत नाही. तिथे प्रत्येक अक्षर मुळातच सुटे असते, आणि मोठ्या लिपीतील सगळी अक्षरे एकाच उंचीची असतात, त्यामुळे प्रत्येकाला वेगळी छटा मिळाली तरी सगळ्यांचा वरचा रंग एका ओळीत येतो. शिकवणीच्या सरावासाठी इंग्रजी शब्दच घेतले जातात, म्हणून विद्यार्थ्याला शेवटपर्यंत कळत नाही की त्याने शिकलेली पद्धत त्याच्या रोजच्या कामाला पुरी पडणार नाही. माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे.

असे का घडते, हे समजून घेणे अवघड नाही. संगणकाला छटा सांगायची म्हणजे दोन टोके, त्या टोकांचे रंग आणि हवे असल्यास मधले काही थांबे, म्हणजे वाटेत कुठे कोणता रंग यावा, हे सांगायचे. प्रश्न उरतो तो ही टोके कुठे धरायची याचा. आपण काहीच सांगितले नाही तर बहुतेक प्रणाली प्रत्येक आकृतीभोवती एक काल्पनिक चौकट धरतात आणि त्या चौकटीच्या कडांना छटेची टोके मानतात. आकृती बदलली की चौकट बदलते, चौकट बदलली की छटा सरकते. वेबवरील रेखाचित्रांसाठी २००१ मध्ये मान्य झालेल्या एसव्हीजी या प्रमाण स्वरूपात दोन्ही पर्याय स्पष्टपणे दिलेले आहेत: छटा आकृतीच्या चौकटीवरून मोजायची, की संपूर्ण चित्राच्या निर्देशांकांवरून मोजायची. दुसरा पर्याय घेतला तर शेजारशेजारच्या दहा आकृत्या एकाच रंगीत कापडातून कापल्यासारख्या दिसतात. हा एकच भेद विद्यार्थ्याच्या मनात पक्का बसला, तर पुढे तो कोणतीही प्रणाली वापरो, त्याचे काम बिघडणार नाही. वर्गात मात्र बटणे पाठ करून घेतली जातात आणि हा भेद सांगायचा राहतो.

वरच्या उदाहरणापुरता उपाय साधा आहे. शब्द कर्व्ह केल्यावर त्याचे सगळे तुकडे वेल्ड करून एकच आकृती करायची आणि मगच छटा द्यायची, म्हणजे चौकट एकच राहते आणि शिरोरेषा एका रंगात सलग येते. इथे अनेक जण वेल्डऐवजी कम्बाइन ही तुकडे नुसते एकत्र बांधणारी आज्ञा वापरतात. देवनागरीत ते चालत नाही, कारण शिरोरेषेवर दोन अक्षरे एकमेकांवर किंचित चढलेली असतात आणि कम्बाइन केल्यावर त्या चढलेल्या जागी भोके पडतात. फलकांवरच्या शिरोरेषेत बारीक पांढऱ्या फटी दिसतात, त्यांचे कारण पुष्कळदा हेच असते. विनामूल्य मिळणाऱ्या इंकस्केप या तशाच प्रणालीमध्ये युनियन ही आज्ञा वेल्डचेच काम करते.

आता अक्षराच्या काही भागालाच छटा हवी असेल तर? समजा, अक्षरांचा वरचा भाग सपाट केशरी ठेवायचा आहे आणि खालचा तिसरा हिस्सा हळूहळू गडद होत जायला हवा आहे. घाईत असलेला ऑपरेटर अक्षरांवर एक अर्धपारदर्शक पट्टी ठेवून मोकळा होतो. ती पट्टी मागच्या पार्श्वभूमीवरही पडते आणि अक्षराबाहेर मळकट डाग दिसतो. योग्य रीत अशी की हवा तो भाग झाकणारी, सरळ वरच्या कडेची एक बंद आकृती काढायची, ती वेल्ड केलेल्या अक्षरांवर ठेवायची आणि इंटरसेक्ट करून दोघांचा सामाईक भाग वेगळा काढायचा. मूळ अक्षरे तशीच खाली राहतात, वर बरोबर त्यांच्याच कडांत बसणारा तुकडा मिळतो आणि छटा त्या तुकड्याला द्यायची. छटेचे वरचे टोक खालच्या अक्षरांच्या केशरी रंगाशी तंतोतंत जुळवले की सांधा दिसत नाही. हे जुळवणे मात्र डोळ्यांच्या अंदाजाने करू नये. रंगाचे आकडे तेच टाकावेत. ज्यांना नंतर बदल करण्याची मुभा हवी आहे त्यांनी छटेचा चौकोन अक्षरांच्या आकारात पॉवरक्लिप करावा, म्हणजे अक्षरांच्या आत बसवून बाहेरचा भाग झाकावा, म्हणजे ग्राहकाने ऐनवेळी शब्द बदलायला सांगितला तरी छटा नव्याने करावी लागत नाही.

फोटोशॉप किंवा जिंप यांसारख्या पिक्सेलवर, म्हणजे बारीक रंगीत ठिपक्यांवर, चालणाऱ्या प्रणालींत तत्त्व तेच असले तरी हाताळणी वेगळी आहे. तिथे निवड केलेली नसेल तर ग्रेडियंटचे साधन संपूर्ण लेयर (चित्राचा एक थर) रंगवून टाकते. नवशिक्या मुलांना पहिला धक्का इथेच बसतो: ओढायची होती देवीच्या साडीच्या काठावर आणि रंगली सगळी चौकट. लालबाग-परळच्या मूर्तींच्या कार्यशाळांत स्प्रेगनने पीतांबराला छटा देताना कारागीर शेजारचा भाग कागदाने झाकून घेतो आणि मगच फवारा सोडतो. संगणकावरील निवड आणि मास्क हे त्या कागदाचेच काम करतात. फरक एवढाच की मास्क नंतर केव्हाही सरकवता येतो, आणि खुद्द मास्कवरच काळ्या-पांढऱ्याची छटा ओढली तर झाकणेही हळूहळू विरळ करता येते. माझ्या मते आकृतीच्या भागाला छटा देण्याचा हाच सर्वात सुरक्षित मार्ग आहे, कारण त्यात मूळ चित्राला कायमची इजा होत नाही.

जिंपबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण महागड्या प्रणालींचे भाडे न परवडणारी कितीतरी मुले आपल्याकडे आहेत आणि शिकण्यासाठी त्यांनी चोरीची प्रत वापरावी असे कोणालाही वाटू नये. ही प्रणाली १९९६ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे. २०१८ च्या २.१० या आवृत्तीपासून छटा ओढून झाल्यावरही तिची टोके आणि मधले थांबे चित्रावरच पकडून सरकवता येतात. अक्षरांचा लेयर असेल तर अल्फा टु सिलेक्शन ही आज्ञा देऊन अक्षरांच्या आकाराची निवड मिळते. किंवा लेयरची पारदर्शकता कुलूपबंद केली तर रंग फक्त जिथे आधीच काही रंगवलेले आहे तिथेच पडतो. त्यातही केवळ खालचा भाग हवा असेल तर अक्षरांची निवड आणि आयताची निवड यांचा सामाईक भाग घ्यावा. शिवाय शेप्ड नावाचे छटेचे प्रकार निवडीच्या कडेपासून आत सरकत जातात, त्यामुळे अक्षराला किंवा कलशाला उठाव आणण्यासाठी ते फार उपयोगी पडतात. हे सर्व शिकायला जुना संगणकही पुरतो.

भाग नेमका निवडला तरी रंग फसू शकतात. उत्सवी कामांत निळा आणि पिवळा ही जोडी वारंवार येते. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन घटकांच्या ० ते २५५ या आकड्यांत मोजतात. शुद्ध निळा म्हणजे लाल ०, हिरवा ०, निळा २५५, आणि शुद्ध पिवळा म्हणजे लाल २५५, हिरवा २५५, निळा ०. या दोहोंचा मध्य काढला तर तिन्ही घटक साधारण १२८ वर येतात, म्हणजे चक्क करडा. दोन झळझळीत रंगांच्या मधोमध मातकट पट्टा येतो तो असा. ऑपरेटर मग दोन्ही टोकांचे रंग आणखी भडक करून पाहतो आणि करडा तसाच राहतो. उपाय आहे मध्ये एक थांबा देण्याचा, तिथे आपल्याला हवा तो स्वच्छ रंग बसवण्याचा, मग तो पांढरा असो, हिरवा असो की गुलाबी.

छपाईत तोच प्रकार लाल आणि काळ्याच्या बाबतीत होतो, आणि तो आपल्या वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातींनाही लागू आहे. मॅजेंटा (गडद गुलाबी शाई) १०० टक्के व पिवळा १०० टक्के असा लाल घेऊन त्यातून निव्वळ काळ्या १०० कडे छटा नेली, तर मध्यावर मॅजेंटा ५०, पिवळा ५०, काळा ५० असा फिका तपकिरी येतो. लालाचा जोर काळा येण्याआधीच ओसरतो. काळ्या टोकातही लालाचे घटक ठेवले, तर मधला भाग गडद डाळिंबी होतो. अर्थात वृत्तपत्री कागद फार शाई पेलत नाही, तिथे सगळ्या शायांची बेरीज साधारण २४० टक्क्यांपर्यंतच ठेवावी लागते. म्हणून काळ्या टोकाला मॅजेंटा ७०, पिवळा ७०, काळा १०० असे मिश्रण धरले की मर्यादाही पाळली जाते आणि रंगही मरत नाही.

मोठ्या फलकांवरच्या पायऱ्या हा आणखी एक त्रास. सर्वसाधारण फाइलमध्ये प्रत्येक रंगघटकाच्या २५६ पायऱ्या असतात. वीस फूट रुंदीच्या फलकावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा पसरवली, तर २४० इंचांत २५६ पायऱ्या, म्हणजे प्रत्येक पट्टा जवळजवळ एक इंच रुंद होतो. आणि करड्याच्या जवळजवळच्या दोन छटांत केवळ ४० पायऱ्यांचे अंतर असेल, तर एकेक पट्टा सहा इंचांचा होतो. तो दोष छपाईयंत्राचा नसतो, तरी बोल मात्र यंत्रचालकाला लावला जातो. छटेत किंचित रवाळपणा मिसळणे, काम १६ बिटमध्ये, म्हणजे कितीतरी अधिक पायऱ्यांत, करणे, किंवा मुळात छटा कमी अंतरात आटोपणे, यांपैकी काहीही केले तरी फरक पडतो. आकृतीच्या भागापुरतीच छटा देण्याचा एक मोठा फायदा इथे दिसतो: अंतर कमी म्हणून पट्टे बारीक, आणि पट्टे बारीक म्हणून ते डोळ्यांना जाणवत नाहीत. हीच फाइल जेपीईजी करून व्हॉट्सअ‍ॅपवरून दुकानात पाठवली, तर ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींचा जाळीदार खडबडीतपणा त्यात भर घालतो. अंतिम फाइल त्या मार्गाने पाठवू नये, हे ग्राहकांनीही लक्षात घ्यावे.

यावर काही जाणकार म्हणतात की छटा हवीच कशाला, सपाट रंग वापरा, काम देखणे होते. पुष्कळदा ते खरेही असते, आणि माझ्याकडे शिकणाऱ्यांना मी प्रथम सपाट रंगातच काम करायला लावते. परंतु आपल्या लोकांना छटा आवडते आणि त्या आवडीला मोठी परंपरा आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हा शिळेवर प्रत्येक रंगासाठी वेगळे ठिपके उमटवून देवदेवतांच्या अंगावरील उजेड-सावली साधली जात होती. पुढे सिनेमाचे प्रचंड फलक हाताने रंगवणाऱ्या चित्रकारांनी चेहऱ्यावरची एकेक छटा ब्रशने मिसळली. ज्या शहरात हे काम इतक्या निगुतीने झाले, तिथल्या मुलांना छटा वापरू नका असे सांगण्यापेक्षा ती नीट वापरायला शिकवणे मला अधिक योग्य वाटते.

ऑपरेटरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. रात्री दहा वाजता मजकूर हाती येतो, सकाळी सहाला फलक लागायचा असतो, आणि पगार पाहिला तर जास्तीच्या अर्ध्या तासाची अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरते. म्हणूनच योग्य पद्धत हाताला आधीपासून वळलेली असणे महत्त्वाचे आहे, कारण सवय झाल्यावर वेल्ड करून छटा द्यायला वेळ अधिक लागत नाही. वेळ जातो तो चुकलेले लपवण्यात.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये डेस्क टॉप पब्लिशिंग ऑपरेटर हा अभ्यासक्रम आहे, खासगी वर्ग तर गल्लोगल्ली आहेत. या सर्वांनी सरावाच्या फाइलींत देवनागरी शब्द आणावेत, तेही मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे असलेले, एवढी माझी पहिली विनंती आहे. ‘सर्वांचे हार्दिक स्वागत’ ही एक ओळ प्रात्यक्षिकाला ठेवली आणि तिच्या केवळ खालच्या अर्ध्या भागाला छटा द्यायला सांगितली, तर विद्यार्थ्याला निवड, चौकट, सांधा आणि रंग या चारही गोष्टी कळल्या आहेत की नाहीत हे परीक्षकाला लगेच दिसेल. छापील नमुनाही तपासावा. केवळ पडद्यावर पाहून गुण देऊ नयेत.

दुसरी विनंती आपल्याला आहे. आपल्या साप्ताहिक पुरवणीत पाककृती, आरोग्य, गुंतवणूक यांवर नियमित मार्गदर्शन असते. मुद्रण आणि चित्रसंपादन यांवर पोट भरणारी हजारो मराठी माणसे या शहरात आहेत, त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा अर्ध्या पानाचे सदर सुरू करता आले तर त्याचा निश्चित उपयोग होईल. पहिल्या लेखासाठी वर दिलेल्या ‘गणेशोत्सव’ या शब्दाचे चुकीचे आणि बरोबर असे दोन्ही नमुने, त्यांच्या मूळ फाइलींसह, मी आपल्या कार्यालयात विनामूल्य आणून देईन. आणि ते वृत्तपत्री कागदाच्या शाईची मर्यादा पाळूनच तयार केलेले असतील.

कळावे,
आपली विश्वासू,
मुद्रणपूर्व विभागात काम करणारी एक वाचक,
प्रभादेवी, मुंबई